‘चेडू एकटाच हसता, ताई!’

मालवणजवळच्या मच्छीमार वस्तीतली एक आई पाचवीतल्या मुलीला घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली, "ताई, ह्या चेडू एकच पुस्तक धरून बसता. परत परत ताच वाचता आणि एकटाच हसता. डोक्यावर परिणाम तर नाय ना झालो?"

पुस्तक म्हणजे मुलांसाठीची विनोदी, अद्भुत साहसाची कादंबरी. पाण्याला घाबरणारा समुद्रराक्षस आणि त्याला पोहायला शिकवायचा विडा उचललेली एक आगाऊ मुलगी. असल्या खोट्या गोष्टींनी मूल भलत्याच जगात राहायला लागेल, ही धास्ती आठ ते बारा वर्षांच्या मुलांचे पालक मला नेहमी बोलून दाखवतात. एवढ्या मुलांना खरं काय आणि रचलेलं काय हे चांगलं कळतं. तरी मी तिलाच विचारलं, राक्षस खरा असतो का गं?

"तो पुस्तकातलो. खरो वारो असता."

मग मी आईला विचारलं, ती हे पुस्तक नेमकं कधी काढते? आई आठवत गेली. वडील ट्रॉलरवर जातात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, ते घरी. तेव्हा पुस्तक कपाटात. ऑगस्टमध्ये होडी सुटली आणि पुस्तक पुन्हा उशाशी आलं. 2021च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने किनारा झोडपला, त्या रात्री घरावरची कौलं उडाली होती आणि ही लहानगी आईला बिलगून बसली होती. त्याबद्दल घरात नंतर कोणी बोललंच नव्हतं.

म्हणजे ती वास्तवापासून पळत नव्हती. समुद्राची भीती तिला सोसेल एवढी करून ती रोज हाताळत होती. आपल्याकडे हे नवं नाही. कोकणातल्या दशावतार या लोकनाट्यात वेद चोरणारा संकासुर येतो, मालवणीत बोलून अख्ख्या जत्रेला हसवतो आणि मग विष्णूच्या हातून मरतो. मांडीवरची पोरंसुद्धा त्याला आधी भितात, मग हसतात. म्हणून ‘ज्ञानाची पुस्तकं वाच’ असं सांगत गोष्टीचं पुस्तक काढून घेणं मला अजिबात पटत नाही. मुलाच्या हातातला आधार जातो, भीती मात्र तिथेच राहते.

आईला सांगितलं, रोज एक प्रकरण तिच्याकडून मोठ्याने वाचून घ्या, तुम्हीही हसा. वादळाच्या रात्रीबद्दल तिने विचारलं तर विषय बदलू नका. वडिलांना सांगितलं, हवामानाचा इशारा आला की होडी कशी परत फिरवतात, लाइफ जॅकेट कुठे असतं, ते तिला होडीवर नेऊन दाखवा. रेंज मिळाली की आधी तिला फोन करा. अभ्यासाची वेळ ठरवली, ती पुस्तकाआधी. काही आठवड्यांनी तिची झोप सुधारली. पुस्तक अजून वाचतेच, आणि वाचू दे.

मात्र मूल जेवण टाळू लागलं, रात्र-रात्र जागू लागलं, मित्रमैत्रिणी तोडू लागलं, शाळेत जायला नकार देऊ लागलं किंवा गोष्टीतलं पात्र खरंच आपल्याशी बोलतं असं ठामपणे म्हणू लागलं, तर थांबू नका. बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. तालुक्याला तशी सोय नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.