अमेरिकन सरकारचा गोपनीय डेटा मुंबईत बसून वापरता येतो का?

तुमची पीएचडी मुंबईत चालू आहे, गाइड म्हणतात अमेरिकन जनगणना खात्याकडचा कंपन्यांचा मूळ डेटा वापर, आणि तो लॅपटॉपवर मिळेल का असं तुम्ही विचारलंय.

नाही मिळणार. अमेरिकेत पीएचडी करताना मी दोन वर्षं, हा डेटा जिथे वापरता येतो अशा एका खोलीत काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

या खोल्यांना फेडरल स्टॅटिस्टिकल रिसर्च डेटा सेंटर म्हणतात. पहिलं 1994 साली बॉस्टनला उघडलं, आता तिसाच्या वर आहेत, बरीचशी विद्यापीठांत. आत फक्त टर्मिनल असतं. डेटा आणि आकडेमोड दोन्ही खात्याच्या सर्व्हरवर. आधी प्रस्ताव मंजूर व्हायला हवा. मग बोटांचे ठसे, चौकशी आणि जन्मभराची गोपनीयतेची शपथ. ती मोडली तर 5 वर्षांपर्यंत कैद, अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परदेशी नागरिक गेल्या 5 वर्षांपैकी किमान 3 वर्षं अमेरिकेत राहिलेला असावा लागतो. तुमचं घोडं इथेच अडणार.

आत शिरायला वेळ लागतोच, पण खरा जीव जातो तो आकडे बाहेर काढताना. प्रत्येक तक्ता तपासून सुटतो, तोवर कागदावर टिपूनही नेता येत नाही. माझा एक तक्ता परत आला, कारण मी त्यात मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावले की बरोबर मधे येणारा आकडा, दिला होता. तो कुठल्यातरी एका खऱ्या कंपनीचाच आकडा असू शकतो, हे डोक्यातच आलं नव्हतं! तक्त्यात किती कंपन्या आहेत ती संख्यासुद्धा गोल करून द्यावी लागते. त्या आठवड्यात आईचा दादरहून फोन, "आलं का गं उत्तर?" आलं होतं, पण सांगता येत नव्हतं.

तिला मात्र ते लगेच पटलं. ती महापालिका शाळेत शिक्षिका. 2001 च्या जनगणनेची ड्युटी तिने परळच्या चाळींत केली होती. दारात उभं राहून "ही माहिती दुसरीकडे कुठे जात नाही हो" हे वाक्य तिने शेकडो वेळा म्हटलंय. आपल्या 1948 च्या जनगणना कायद्यानेही ते फॉर्म कोर्टात पुरावा म्हणून चालत नाहीत. नुसतं नाव खोडून भागत नाही, हेही तिला सांगावं लागलं नाही: गिरगावात नव्वदीचे, एकटे राहणारे दंतवैद्य असे कितीसे असणार?

आता तुमचं. आधी बघा, तुमच्या प्रश्नाला ती खोली खरंच लागते का. गाइड लोकांना दुर्मिळ डेटाचा सोस असतो, हे आपल्यात. आपल्या सांख्यिकी मंत्रालयाच्या साइटवर नमुना पाहणीचा घराघराचा आणि उद्योगांच्या वार्षिक पाहणीचा कारखान्यागणिक डेटा, नावपत्ते काढून, नोंदणी केली की फुकट मिळतो. त्यावर एक प्रकरण सहज होतं.

तरीही अमेरिकन डेटाच हवा असेल, तर तिथे आधीच परवानगी असलेला सहलेखक शोधा. पहिल्याच मेलमध्ये विचारा, की त्यांच्या मंजूर प्रस्तावात तुमचा प्रश्न बसतो का. नसेल बसत, तर पुन्हा पहिल्यापासून रांग. आणि बसला तरी तुमच्या हाती येतील ते तपासून सुटलेले तक्तेच, त्यामुळे कुठले तक्ते हवेत ते आधीच कागदावर आखून पाठवा.