बातम्यांची वही भरली, पण देशाला खरा धोका कशाचा हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही बडोद्यात राज्यशास्त्रात एम.ए. करताय, जगभरातली युद्धं, सायबर हल्ले, महापूर यांच्या बातम्या रोज टिपून ठेवताय, पण त्यातून भारताच्या सुरक्षेबद्दल ठाम काही सांगता येत नाही. गुप्त माहिती हाती नसताना हे काम होऊ शकतं का, असंही विचारलंय.

होऊ शकतं. माहिती कमी पडत नाहीये, सुरुवात चुकीच्या टोकाकडून होतेय. बातमीपासून सुरुवात केली की प्रत्येक बातमी धोक्याचीच वाटते. त्याऐवजी आपल्या गरजेपासून निघा. आपलं काय कशावर चालतं, ते कुठून येतं, वाटेत कुठे अडू शकतं आणि अडलं तर किती दिवस निभेल, या चार प्रश्नांना प्रत्येक गरजेमागे एक पान द्या. बातमी नंतर वाचा, आणि ती कुठल्या पानावर बसते ते बघा. कुठेच बसत नसेल तर निदान तुमच्या कामापुरती ती सोडून द्या.

तुमच्या जवळचंच उदाहरण घेतो. हालोलला विजेवरच्या गाड्या बनतात. अशा बहुतेक गाड्यांच्या मोटरमध्ये निओडिमियम, लोह आणि बोरॉनचं चुंबक असतं, आणि उष्णतेत त्याची ताकद टिकावी म्हणून त्यात थोडं डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालतात. ही दुर्मिळ मूलद्रव्यं जमिनीत अनेक देशांत आहेत. अडचण शुद्धीकरणाची आहे, त्यातला सुमारे ९० टक्के वाटा चीनकडे आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने अशा सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. बंदी नव्हती, पण परवाने रखडले आणि काही आठवड्यांत आपल्या वाहन उद्योगाने टंचाईची तक्रार सुरू केली.

हे अचानक घडलं का? २०१० मध्ये चीन-जपान वादातल्या सेनकाकू बेटांजवळच्या प्रसंगानंतर चीनकडून जपानला जाणारा हाच माल अडला होता. ऑगस्ट २०२३ मध्ये चिपसाठी लागणाऱ्या गॅलियम आणि जर्मेनियमला परवाना लागला, त्याच डिसेंबरात ग्रॅफाइटला, आणि चुंबक बनवण्याचं तंत्रज्ञान बाहेर द्यायलाही मनाई झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये अँटिमनीची पाळी आली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेला जाणारं गॅलियम, जर्मेनियम आणि अँटिमनी थेट बंद. एकाच जिन्याच्या या पायऱ्या आहेत. ज्याच्या वहीत ‘चुंबक’ असं पान आणि त्यावर ‘चीन अडवू शकतो’ अशी नोंद होती त्याला त्या एकाखाली एक दिसल्या. ज्याने ‘चिपच्या बातम्या’ आणि ‘व्यापारयुद्ध’ असे कप्पे केले होते त्याला त्या दोन ठिकाणी विखुरलेल्या सापडल्या.

चौथा प्रश्न, किती दिवस निभेल, बहुतेक जण गाळतात. माझ्या मते तोच सगळ्यांत महत्त्वाचा. तेलाचं बघा. विशाखापट्टणमला १३.३ लाख, मंगळूरला १५ लाख आणि पादूरला २५ लाख टन कच्चं तेल सरकारी राखीव साठा म्हणून ठेवायची सोय आहे. हे तिन्ही साठे काठोकाठ भरलेले धरले तर देशाची साधारण साडेनऊ दिवसांची गरज भागते. तेल कंपन्यांचे साठे वेगळे. पण म्हणून ‘समुद्र अडला की बडोद्याजवळच्या कोयलीची रिफायनरी थांबली’ असं लिहू नका. तिथे गुजरातच्याच विहिरींचं तेलही येतं. कुठल्याही पानावर दुसरा पुरवठा आहे का, आणि तो वाढायला किती दिवस लागतात, हे न तपासता काढलेला निष्कर्ष हमखास फुगलेला निघतो.

आता माणसाने आणलेलं संकट आणि निसर्गाने किंवा यंत्राने आणलेलं संकट यांचं मोजमाप वेगळं ठेवा. शत्रूच्या बाबतीत तीन गोष्टी लागतात: क्षमता, हेतू आणि संधी. क्षमता घडायला वर्षं लागतात आणि ती उघड माहितीत बरीचशी दिसते. हेतू एका रात्रीत फिरतो. म्हणून आधी क्षमता लिहा, आणि हेतूबद्दलचं तुमचं मत वेगळ्या शाईने. निसर्गाला हेतू नसतो, तिथे फक्त शक्यता आणि परिणाम. पण दोन्हींचा शेवट एकाच ठिकाणी होऊ शकतो. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी सिक्कीममधलं दक्षिण ल्होनक हिमनदी-सरोवर फुटलं, १२०० मेगावॉटच्या तीस्ता-३ प्रकल्पाचं धरण वाहून गेलं, लष्कराचे जवान गेले आणि दारूगोळा नदीतून खाली बंगालपर्यंत वाहत गेला. ते सरोवर वाढतंय हे उपग्रहचित्रांत कितीतरी वर्षं दिसत होतं. तसंच १९ जुलै २०२४ चं. एका सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. हल्ला कुणीच केला नव्हता, पण कुठे घाव घालता येईल ते सगळ्यांना कळलं. असे अपघात वहीत ठळक लिहा.

बातमी पानावर चढवण्याआधी तिला दोन वेगळे गुण द्या, सांगणाऱ्याला एक आणि सांगितलेल्या गोष्टीला एक. लष्करी गुप्तवार्तेत जुनी पद्धत आहे: सांगणारा ए ते एफ, माहिती १ ते ६. विश्वासू माणूस ऐकीव गोष्ट सांगू शकतो, आणि खोटारडाही कधी खरं बोलतो, म्हणून दोन्ही गुण एकत्र करायचे नाहीत. पाच वाहिन्यांनी एकाच ट्वीटवरून बातमी दिली तर तो स्रोत एकच धरा. मे २०२५ च्या भारत-पाक संघर्षात व्हिडिओ गेमची दृश्यं हवाई हल्ला म्हणून फिरली, ती पुष्कळांनी ‘सगळीकडे दाखवताहेत’ म्हणून खरी मानली.

जागा पडताळायला सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं मोफत मिळतात, साधारण दर पाच दिवसांनी, १० मीटरच्या बारकाईने. त्यात नवा रस्ता, धावपट्टी, धरणाचं पाणी नीट दिसतं. रणगाडा दिसत नाही. दोन ठिपक्यांवरून रणगाडे मोजणारे खूप आहेत, त्यांच्यात जाऊ नका. पावसाळ्यात ढग आडवे येतात, तेव्हा सेंटिनेल-१ चं रडार-चित्र वापरा. आणि एक कळकळीची विनंती: मकरपुऱ्याच्या हवाई तळासारख्या ठिकाणांचे फोटो किंवा लष्कराच्या हालचाली अभ्यासाच्या नावाखालीसुद्धा टाकू नका. कायद्याने गुन्हा ठरू शकतो, आणि तुमच्या अभ्यासाला त्याची गरजही नाही.

घटना घडून गेल्यावर कारण शोधताना तक्ता करा. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली. वर तीन रकाने: वाहिनीतला बिघाड, चालवणाऱ्यांची चूक, सायबर घातपात. डावीकडे एकेक पुरावा. ‘परदेशी हॅकर भारताच्या वीजयंत्रणेत शिरू पाहतात’ हा पुरावा तिन्ही रकान्यांशी जुळतो, म्हणजे निवाड्यासाठी तो निरुपयोगी. ‘कळवा-पडघा भागातल्या वाहिन्या आधीच बंद होत्या किंवा ट्रिप झाल्या’ हा पहिल्या दोन रकान्यांकडे झुकतो. पुढे केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं आणि राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता मांडली. तक्ता असला की कुणाचं पद मोठं यावरून ठरवावं लागत नाही. कुठल्या रकान्याच्या विरोधात सर्वांत जास्त पुरावे आहेत ते बघायचं आणि तो आधी खोडायचा. बाजूने किती आहेत ते मोजत बसलात तर आवडता रकानाच जिंकतो.

अंदाज शब्दांत लिहू नका, आकड्यात लिहा. १९५१ मध्ये अमेरिकी विश्लेषकांनी युगोस्लाव्हियावर हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ आहे असं लिहिलं. नंतर सीआयएचे शर्मन केंट यांनी सहकाऱ्यांना विचारलं, म्हणजे किती? उत्तरं २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत आली, आणि त्या सगळ्यांनी एकाच मसुद्याला होकार दिला होता. तेव्हा ‘३१ मार्चपर्यंत अमुक घडण्याची शक्यता ७० टक्के’ असं लिहा. तारीख उलटली की गुण द्या: घडलं तर १, नाही तर ०, त्यातून तुमचा अंदाज वजा करा आणि वर्ग करा. ०.७ म्हटलंत आणि घडलं तर ०.०९, नाही घडलं तर ०.४९. कमी गुण चांगले. कायम ५० टक्के म्हणणाऱ्याला ०.२५ मिळतात. तुमची सरासरी त्याहून वर राहिली तर पद्धतीत कुठेतरी खोट आहे.

अंदाजाखालीच एक ओळ लिहून ठेवा: काय दिसलं तर मी हे मत सोडेन. १९७३ मध्ये इस्रायली लष्करी गुप्तवार्ता खात्याने धरून ठेवलं होतं की लांब पल्ल्याची विमानं आणि क्षेपणास्त्रं मिळेपर्यंत इजिप्त युद्ध करणार नाही. मग सीमेवरची जमवाजमव त्यांनी ‘सराव’ म्हणून समजावून घेतली, आणि हल्ला झालाच. माहिती समोर होती, पण ती कुठल्या टप्प्यावर मत मोडेल हे आधी ठरलेलं नव्हतं.

पहिलं पान खताचं करा, बाजव्याचा खत कारखाना शहराला लागूनच आहे. पोटॅश आपण जवळजवळ सगळंच बाहेरून आणतो, कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन, इस्रायल अशा मोजक्या देशांतून. युरियाला नैसर्गिक वायू लागतो, त्यातला बराच दहेजच्या टर्मिनलवर द्रवरूपात जहाजाने उतरतो. देशांची यादी, बंदरं, साठ्याचे दिवस, आणि पेरणीच्या हंगामाचे महिने एका पानावर मांडा. खरिपाआधी खताला महिनाभर उशीर झाला तर होणारा परिणाम आणि दिवाळीनंतर झाला तर होणारा परिणाम यांत फार फरक आहे. मग त्या पानावर तीनच अंदाज लिहा, तारखेसह, आणि ते तुमच्या रसायनशास्त्रातल्या एखाद्या मित्राला खोडायला द्या.