ऑक्सफर्डजवळच्या गॉडस्टो मठाचं आता काय उरलंय? रोझामंडची कबर दिसते का?

कबर दिसत नाही. रोझामंड क्लिफर्ड ही इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याची प्रेयसी. ती गेल्यावर तिला इथल्या चर्चमध्ये वेदीसमोर पुरलं होतं. 1191 मध्ये लिंकनचे बिशप ह्यू आले, थडग्याचा थाटमाट पाहून संतापले आणि तिला चर्चबाहेर हलवायला लावलं. मेलेल्या बाईलाही सोडलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

बेनेडिक्टाइन पंथाच्या नन्सचा हा मठ 1133 च्या सुमारास ईडिथ नावाच्या विधवेने उभारला. 1539 मध्ये आठव्या हेन्रीने तो बंद केला आणि जागा त्याच्या वैद्याकडे, जॉर्ज ओवेनकडे गेली. त्याने तिथे घर केलं. तेही इंग्लंडमधल्या यादवीत 1645 मध्ये उद्ध्वस्त झालं.

आवाराच्या चौकोनी भिंतींना लोक चर्च समजून फोटो काढतात. चर्च पार गेलंय. आग्नेय कोपऱ्यातलं बिनछपराचं छोटं चॅपल मात्र नीट बघा: पूर्वेच्या भिंतीत तीन गाळ्यांची दगडी खिडकी अजून शाबूत आहे.

ऑक्सफर्ड स्टेशनपासून थेम्सच्या काठाने साधारण 4 किलोमीटर चालायचं. गॉडस्टो लॉकला (नदीतल्या बोटींसाठीच्या जलद्वाराला) लागूनच अवशेष आहेत. हिवाळ्यात काठ पाण्याखाली जाऊ शकतो, गमबूट घाला.