कमी कर्बोदकांचं क्रीम आणि फळं: पहिल्यांदा करताना

पहिल्यांदाच करताय तर चीजकेकच्या मागे लागू नका. फेटलेलं क्रीम आणि स्ट्रॉबेरी, एवढ्यावर सुरुवात करा.

सगळा खेळ क्रीमचा आहे. पाकिटावर फॅट किती ते आधी बघा. 35 टक्क्यांच्या आसपास असेल तर ते छान फुलतं. 25 टक्केवालं कितीही फेटलं तरी पातळच राहतं. क्रीम, भांडं आणि बीटरची पाती, तिन्ही गार हवीत. मी भांडं 15 मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवते. फेटताना नजर हटवू नका. पाती उचलल्यावर क्रीमचं टोक उभं राहून शेंडा किंचित वाकला की लगेच थांबा. त्यापुढे गेलात तर ते रवाळ होतं आणि मग सरळ लोणीच! माझं असं दोनदा झालंय, फार जीव हळहळतो.

साखरेऐवजी एरिथ्रिटॉल (साखरेसारखं दिसणारं, दाणेदार गोड) वापरणार असाल तर मिक्सरमध्ये बारीक दळून घ्या, नाहीतर गार क्रीममध्ये ते विरघळत नाही, दाताखाली कचकचतं. 200 मिली क्रीमला दोन चमचे पुरे.

फळांचं म्हणाल तर 100 ग्रॅम स्ट्रॉबेरीत साधारण 8 ग्रॅम कर्बोदकं असतात, केळ्यात जवळजवळ 23. म्हणून केळं नकोच. रास्पबेरीही उत्तम. कच्चं किवी किंवा अननस मात्र क्रीममध्ये मिसळून ठेवू नका. त्यांतली एन्झाइम्स दुधातली प्रथिनं तोडतात आणि चव कडवट होते.

फळं धुऊन अगदी कोरडी पुसा आणि वाढायच्या वेळीच घाला.