एकेकाळी फॉर्म्युला वन गाजवणारा विल्यम्स संघ इतका मागे कसा पडला?

आपण विचारले आहे, की विल्यम्सची घसरण केवळ पैशांअभावी झाली का, आणि हा संघ पुन्हा अव्वल येण्याची काही शक्यता आहे का. फॉर्म्युला वनच्या मोटारशर्यती मी बरीच वर्षे पाहत आलो आहे आणि माझ्या मते पैशांची चणचण हे या घसरणीचे कारण कमी आणि परिणाम अधिक आहे. आपल्या मालकीत आणि आपल्या तंत्रात दुसऱ्या कोणालाही वाटेकरी करून घ्यायचे नाही, हा या संघाचा बाणा होता. त्याच बाण्यामुळे तो वर गेला आणि दिवस पालटल्यावर त्याच बाण्यामुळे त्याला स्वतःत बदल करता आला नाही.

हा बाणा कुठून आला, हे पाहायला थोडे मागे जावे लागते. फ्रँक विल्यम्स यांचा आधीचा संघ कायम कर्जात असे. अखेर त्याची सूत्रे वॉल्टर वुल्फ या उद्योजकाच्या हाती गेली आणि फ्रँक यांना स्वतः उभ्या केलेल्या संघातच दुय्यम स्थान आले. तेथून बाहेर पडून १९७७ मध्ये त्यांनी पॅट्रिक हेड या अभियंत्यासह नवा संघ काढला. १९७९ मध्ये इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनला चालक क्ले रेगाझोनी यांनी संघाला पहिला विजय मिळवून दिला आणि १९८० पासून १९९७ पर्यंतच्या अठरा हंगामांत संघांचे विजेतेपद (चालकांच्या विजेतेपदाहून वेगळे, हंगामभरात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या संघाचे) नऊ वेळा, म्हणजे बरोबर निम्म्या वेळा, विल्यम्सकडे गेले. फेरारी वगळता २०२३ पर्यंत एकाही संघाला हा आकडा गाठता आला नव्हता. मार्च १९८६ मध्ये फ्रान्समधील मोटार अपघाताने फ्रँक यांना कायमचे चाकाच्या खुर्चीवर बसवले, तरी त्या वर्षीचे आणि त्यापुढच्याही वर्षीचे संघांचे विजेतेपद त्यांनी सोडले नाही.

या यशाच्या काळातच पुढच्या घसरणीच्या खुणा दिसतात. गाडी श्रेष्ठ, चालक बदलता येण्याजोगा, हे विल्यम्सचे उघड धोरण होते. नेल्सन पिके १९८७ मध्ये, नायजेल मॅन्सेल १९९२ मध्ये आणि डेमन हिल १९९६ मध्ये चालकांचे विश्वविजेते झाले आणि तिघेही पुढच्या हंगामात विल्यम्सच्या गाडीत नव्हते. गाडी सर्वांत वेगवान आहे तोवर असा तोरा परवडतो. मॅन्सेल यांची १९९२ ची एफडब्ल्यू१४बी ही गाडी तशीच होती. तिचे सस्पेन्शन संगणकाच्या नियंत्रणाखाली गाडीची जमिनीपासूनची उंची सतत सांभाळत असे, त्यामुळे गाडीला रस्त्यावर दाबून ठेवणारा हवेचा जोर वळणावर किंवा ब्रेक लावतानाही फारसा घटत नसे. १९९४ पासून नियमांनी ही साधने बंद केली.

परंतु गाडीमागचे डोके सांभाळून ठेवणे हा वेगळा प्रश्न होता. गाडीची रचना करणारे अभियंते एड्रियन न्यूई १९९० मध्ये संघात आले आणि १९९२ ते १९९७ या सहा हंगामांपैकी पाचांत विल्यम्सच्या गाड्या संघांच्या विजेत्या ठरल्या. न्यूई यांना चालकांच्या निवडीत आपले म्हणणे ऐकले जावे असे वाटत होते आणि मालकीत लहानसा वाटाही हवा होता. फ्रँक आणि हेड यांनी तो दिला नाही, न्यूई मॅक्लारेन या प्रतिस्पर्धी संघाकडे गेले आणि १९९८ मध्ये मॅक्लारेन विजेता झाला. त्याच हंगामात, इंजिने पुरवणाऱ्या रेनोने अधिकृतपणे माघार घेतल्यामुळे, विल्यम्सला जुन्याच रचनेची इंजिने पैसे मोजून वापरावी लागली आणि वर्षभरात एकही शर्यत जिंकता आली नाही. मला विचाराल तर घसरणीची तारीख येथेच नोंदवायला हवी, जरी गुणतालिकेत ती बऱ्याच उशिरा दिसली.

मधली काही वर्षे बीएमडब्ल्यूच्या जोरदार इंजिनामुळे बरी गेली. २००१ ते २००४ मध्ये दहा विजय मिळाले आणि २००३ मध्ये संघाचे चालक हुआन पाब्लो मोन्टोया चालकांच्या विजेतेपदाच्या अगदी जवळ पोहोचले होते. मात्र इंजिन आमचे उत्तम आहे, गाडी तुमची कमी पडते, अशी बीएमडब्ल्यूची तक्रार वाढत गेली आणि त्या कंपनीला संघावरच ताबा हवासा वाटू लागला. विल्यम्सने नकार दिला. बीएमडब्ल्यूने २००५ मध्ये सॉबर संघ विकत घेतला. मोडेन पण वाकणार नाही, या वृत्तीचे एरवी मला कौतुक वाटते, पण ज्या काळात मोठमोठ्या मोटार कंपन्या स्वतःचे संघ चालवून पाण्यासारखा पैसा ओतत होत्या, त्या काळात एकट्या घराण्याच्या बळावर टिकण्याचा हा निर्णय फार महाग पडला. त्यानंतर २००६ ते २०१४ या नऊ हंगामांत कॉसवर्थ, टोयोटा, पुन्हा कॉसवर्थ, रेनो आणि मर्सिडीज अशी पाच वेळा इंजिने बदलली आणि दर बदलाबरोबर गाडीचा मागचा भाग नव्याने आखावा लागला. मे २०१२ मध्ये स्पेनला पास्तोर माल्दोनादो यांनी मिळवलेला विजय हा २००४ नंतरचा पहिला आणि आजवरचा शेवटचा. (त्या आनंदात असतानाच संघाच्या गॅरेजला आग लागली.)

२०१४ आणि २०१५ मध्ये संघ तिसरा आला, तेव्हा अनेकांना जुने दिवस परतल्यासारखे वाटले. मलाही वाटले होते. वास्तविक त्या दोन वर्षांत मर्सिडीजचे नवे संकरित (इंधन आणि वीज दोन्हींवर चालणारे) इंजिन इतरांच्या फार पुढे होते आणि हवेचा विरोध कमी ठेवलेली विल्यम्सची गाडी सरळ रस्त्यावर त्याचा पुरेपूर लाभ घेत होती, परंतु मोनॅकोसारख्या संथ वळणांच्या मार्गावर किंवा पावसात तिचे उणेपण लगेच उघडे पडत असे. इतरांची इंजिने सुधारत गेली तशी ही झाकलेली मूठ उघडली. २०१८ मध्ये तेच इंजिन घेऊन मर्सिडीजने ६५५ गुण मिळवले आणि विल्यम्सने ७. पुढच्या वर्षी तर हंगामापूर्वीच्या सरावाच्या पहिल्या दोन दिवसांत गाडी तयारच नव्हती. त्या हंगामात १ गुण मिळाला आणि २०२० मध्ये शून्य.

येथे पैशांचा मुद्दा येतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. खालच्या क्रमांकामुळे बक्षिसाचा वाटा घटतो, प्रायोजक दूर जातात, गाडी आणखी मागे पडते. फ्रँक यांच्या कन्या क्लेअर विल्यम्स यांच्यावर या काळाचे सगळे खापर फोडले जाते, ते मला अन्यायाचे वाटते, कारण त्यांच्या हाती कारभार आला तेव्हा दुखणे जुने झाले होते. ऑगस्ट २०२० मध्ये हा संघ डोरिल्टन कॅपिटल या अमेरिकी गुंतवणूक संस्थेला १५.२ कोटी युरोंना विकला गेला. दैवदुर्विलास असा, की लहान संघांना तारणारी वार्षिक खर्चमर्यादा, १४.५ कोटी डॉलरची, पुढच्याच वर्षी लागू झाली.

नवे मालक आल्यावरही २०२२ मध्ये संघ पुन्हा शेवटी होता, यावरून दुखणे निव्वळ पैशांचे नव्हते हे कळते. मर्सिडीजहून आलेले जेम्स व्हॉवल्स २०२३ मध्ये प्रमुख झाले, तेव्हा गाडीच्या सुमारे वीस हजार भागांची नोंद एका एक्सेलच्या तक्त्यात ठेवली जात असल्याचे त्यांना आढळले. एखादा भाग कारखान्यात नेमका कुठे आहे, त्याला किती वेळ लागणार, हे त्यातून धड समजत नसे. ती पद्धत मोडताना २०२४ ची गाडी उशिरा आणि जड तयार झाली. ऑस्ट्रेलियात चालक अलेक्झांडर आल्बन यांची गाडी मोडल्यावर संघाकडे राखीव सांगाडाच नव्हता, म्हणून संघाचे दुसरे चालक लोगन सार्जंट यांची गाडी आल्बन यांना द्यावी लागली.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. २०२५ मध्ये संघ पाचवा आला आणि संघाचे चालक कार्लोस साइन्झ यांनी अझरबैजानमधील बाकूच्या शर्यतीत तिसरा क्रमांक मिळवला. दीर्घकाळ अभिमानाने स्वतः बनवलेला गिअरबॉक्सही विल्यम्स २०२२ पासून मर्सिडीजकडून घेतो, म्हणजे जुना हट्ट सुटला आहे. विकतच्या इंजिनावर विजेतेपद मिळत नाही, ही सबबही आता उरलेली नाही, कारण २०२४ आणि २०२५ मध्ये मॅक्लारेनने मर्सिडीजचेच इंजिन लावून संघांचे विजेतेपद पटकावले आहे. त्यामुळे शक्यता आहे, असे माझे उत्तर आहे. परंतु मॅक्लारेनलाही तळापासून तेथवर पोहोचायला अनेक वर्षे लागली होती, आणि विल्यम्सने कारखान्यातील नोंदी नीट ठेवायला सुरुवात केली ती आत्ता कुठे.