आरशातून गाडी गायब झाली की...

परवाची तुझी कॉम्प्युटर गेमवरची मोंझा ट्रॅकची रेस मी नंतर बघितली. वेग छान आहे की बे तुझा! पण पहिल्या शिकेनला, म्हणजे त्या डाव्या-उजव्या जोडवळणाला, ज्याला घासलास, तो दोन लॅप तुझ्या आरशात होता.

आरसा वळणात बघायचाच नाही. सरळ रस्त्यावर, ब्रेकचा बोर्ड यायच्या आधी एक नजर टाकायची : मागचा किती जवळ आहे, कुठल्या बाजूला सरकतोय. ब्रेक दाबल्यावर बघशील तर तोवर त्याचं नाक तुझ्या दाराशी आलेलं असतं. आणि तो आरशातून गायब झाला म्हणजे मागे पडला असं धरू नको. बहुतेक वेळा शेजारी आलेला असतो. सात रस्त्याच्या चौकात रिक्षा आरशातून नाहीशी होते तेव्हा ती कुठे असते, हे तुला काय सांगायचं!

एका मॉनिटरवर शेजारचं दिसत नाही, म्हणून कान लाव. आयरेसिंग या गेममध्ये स्पॉटर, म्हणजे शेजारी गाडी आली की बोलून सांगणारा आवाज, आहेच. इतर बऱ्याच गेमसाठी क्रू चीफ नावाचं तसंच सांगणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ‘कार लेफ्ट’ ऐकलं की ‘क्लिअर’ येईपर्यंत डावीकडे एका गाडीची जागा सोडायची. मी सुरुवातीला स्पॉटर बंद करून गाणी लावायचो. किती बंपर फोडले, मोजले नाहीत.

डावी-उजवी नजर टाकायची बटणं स्टीअरिंगवर अंगठ्याखाली घे.

निळा झेंडा दिसला, म्हणजे एक लॅप पुढे असलेला मागून येतोय, तर घाबरून एकदम बाजूला होऊ नको. आपली लाइन धर, मागचा वेगवान आहे, तो काढेल वाट. अचानक हललास तर दोघंही खडीत.