गोपनीयता नोंदीची, खासगीपणा माणसाचा

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी एक माहितीपत्रक मराठीत आणणाऱ्या मैत्रिणीनं विचारलं आहे: तिकडे बंदूक विकत घेताना गिऱ्हाइकाचा जो ‘बॅकग्राउंड चेक’ होतो, त्याला ‘चारित्र्य पडताळणी’ म्हणावं का? आणि त्या नोंदींच्या ‘प्रायव्हसी’ला ‘गोपनीयता’ हा शब्द पुरतो का?

‘चारित्र्य’ मला पटत नाही. आपल्याकडे पासपोर्टच्या वेळी हवालदार घरी येऊन गेले, शेजारच्या काकूंना ‘माणूस कसा आहे?’ असं विचारून गेले, ती चारित्र्य पडताळणी. शस्त्र परवान्यालाही पोलिसांचा अहवाल लागतो. अमेरिकेत दुकानदार ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरून घेतो आणि गिऱ्हाइकाचं नाव, जन्मतारीख वगैरे एफबीआयच्या यंत्रणेकडे कळवतो. ही यंत्रणा १९९३च्या ब्रेडी कायद्यातून निघाली आणि ३० नोव्हेंबर १९९८ला सुरू झाली. माणूस सज्जन आहे का, हे तिथे कोणी विचारत नाही. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेले, फरारी, कौटुंबिक हिंसाचारात शिक्षा झालेले अशा, कायद्यानं बंदूक नाकारलेल्या लोकांत हे नाव आहे का, एवढंच ताडून पाहतात.

म्हणून ‘पडताळणी’ मात्र जरूर ठेवावी. त्यात ‘ताळा’ आहे, एक गोष्ट दुसरीशी जुळते का ते पाहणं आहे, आणि तिथे नेमकं तेच चालतं. ‘पूर्वेतिहास पडताळणी’ म्हणा. ‘पार्श्वभूमी तपासणी’ कानाला नाटकाच्या पडद्यासारखी लागते.

आता ‘गोपनीयता’. ‘गुप्’ म्हणजे राखणं, झाकणं. गोपनीय म्हणजे झाकून ठेवण्याजोगं. मंत्री पद आणि गोपनीयतेची शपथ घेतात. पोलिसांत गोपनीय शाखा असते, साहेब कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल लिहितात. या सगळ्यांत कागद आहे, तो कोणाच्या तरी ताब्यात आहे आणि फोडू नये ही जबाबदारी ताबेदाराची आहे. ज्याच्याबद्दलचा तो कागद आहे, तो माणूस या शब्दात कुठेच दिसत नाही.

‘खासगी’ या शब्दाचं घराणं वेगळं. अरबी ‘खास’वरून फारसीच्या वाटेनं तो आपल्याकडे आला. होळकरांच्या राज्यात राणीच्या स्वतःच्या मिळकतीला खासगी म्हणत. सरकारी दौलत निराळी, खासगी निराळी. म्हणजे शब्दातच कुंपण आहे: इथून पुढे सरकार नाही. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ‘प्रायव्हसी’ हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला तेव्हा मराठीत ‘गोपनीयतेचा अधिकार’ही छापून आलं आणि ‘खासगीपणाचा अधिकार’ही. माझं मत तेव्हाही दुसऱ्या शब्दाकडे होतं.

अमेरिकेतला नियम पाहिला की हा फरक कागदावर दिसतो. पडताळणीत हरकत निघाली नाही, तर गिऱ्हाइकाची ओळख पटवणारी माहिती केंद्रीय यंत्रणेला २४ तासांच्या आत नष्ट करावी लागते. मागे राहतो तो व्यवहाराचा क्रमांक आणि तारीख. बंदूकधारकांची देशव्यापी यादी सरकारनं करू नये, असं १९८६चा कायदा सांगतो; त्याच भूमिकेतून हे आलं आहे. जे ठेवलंच नाही, ते झाकणार काय? तिथे ‘नोंदींची गोपनीयता’ लिहिलं, तर नोंद आहे पण कुलपात आहे, असा उलटा अर्थ वाचकाच्या मनात बसेल. या ठिकाणी ‘खरेदीदाराचा खासगीपणा’च लिहावं.

ज्यांना नकार मिळाला त्यांच्या नोंदी मात्र यंत्रणा ठेवते. त्यांच्यापुरतं ‘गोपनीयता’ चपखल आहे. भरलेला फॉर्म ४४७३ दुकानदाराकडेच राहतो आणि दुकान कायमचं बंद झालं की वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला केंद्र सरकारचं अशा नोंदींचं केंद्र आहे, त्याच्याकडे जातो, तिथेही गोपनीयताच. कॅलिफोर्नियासारखं राज्य विक्रीची नोंद स्वतःकडे ठेवतं, तेव्हा पत्रक कोणत्या राज्यासाठी आहे ते आधी विचारून घ्या.

‘नष्ट करणे’ला आपल्या सरकारी कचेऱ्यांत ‘निंदणीकरण’ असा गोड शब्द आहे, शेतातल्या निंदणीवरून आलेला. मोह झाला तरी इथे वापरू नका. निंदणीत तण उपटतात आणि पीक ठेवतात. इथे ज्याला हरकत नाही त्याचं नाव उपटलं जातं आणि नकारवाल्याचं राहतं. साधं ‘पुसून टाकतात’ लिहा. फॉर्म हातात धरून दुकानात उभ्या असलेल्या माणसाला ते लगेच कळेल.